लाळग्रंथी आणि त्यांच्या नलिका : एक उजळणी

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘सर्वांना उपयोगी पडेल असे काहीतरी लिहा’ असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार या विषयांवर अधिकाराने लिहिणारे तज्ज्ञ आपल्या मंडळात आहेत. माझ्यासारख्या सामान्य व्यावसायिकाने त्यांच्या प्रांतात शिरण्याचे कारण नाही. म्हणून मी असा विषय निवडला, की जो आपण सर्वांनी पहिल्या वर्षाच्या शवविच्छेदनगृहात शिकलो, परीक्षेपुरता पाठ केला आणि नंतर बव्हंशी विसरून गेलो. तो विषय म्हणजे लाळग्रंथींची व त्यांच्या नलिकांची शरीररचना. तो निवडण्यामागे एक खाजगी कारणही आहे, आणि ते आधी सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

रांध्यातील तो दिवस

१९९६ सालच्या फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट. सिल्वासात व्यवसाय सुरू करून मला दोन वर्षेही झाली नव्हती. आठवड्यातून दोन दिवस मी रांध्याला जात असे. एका घराच्या ओटीवर टेबल मांडून रुग्ण तपासावेत आणि संध्याकाळी परतावे, असा शिरस्ता होता. भातशेतीच्या राबासाठी फांद्या तोडण्याचे ते दिवस. एक पंचविशीची वारली स्त्री झाडाखाली मोळ्या बांधत असता वर चढलेल्या माणसाच्या हातून कोयता निसटला आणि तिचा डावा गाल चिरत गेला. कानाच्या पाळीच्या पुढे दोन बोटांवर सुरू झालेली जखम तिरकी होऊन ओठाच्या कोपऱ्याच्या दिशेने सुमारे दोन इंच आली होती.

रक्तस्राव फारसा नव्हता. जखम स्वच्छ धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, जागा बधिर केली आणि बारीक टाके घालून जखम सुरेख शिवली. आपल्या हातचे काम पाहून मला समाधान वाटले, हे कबूल करतो. तिला हसून दाखवायला सांगितले, तेव्हा डावीकडचा वरचा ओठ उजव्याइतका उचलला जात नव्हता. मी माझ्या नोंदवहीत लिहिले : ‘सूज व वेदना यांमुळे ओठाची हालचाल कमी.’ ती नोंदवही आजही माझ्याकडे आहे.

दहाव्या दिवशी ती सासूबरोबर पुन्हा आली. टाके काढल्यावर व्रण चांगला भरला होता. फक्त मध्यावर टाचणीच्या डोक्याएवढे एक छिद्र राहिले होते. सासू म्हणाली, “डॉक्टर, जेवताना हिचा गाल रडतो.” मी तिला चिंचेचे बोटूक चाखायला दिले. पाहता पाहता त्या छिद्रातून स्वच्छ पाण्याचा थेंब बाहेर आला, गालावरून ओघळला आणि त्यामागून दुसरा आला. ते पाणी काय आहे हे मला त्या क्षणी कळले. जखम शिवताना ते कळायला हवे होते.

त्या छिद्रामागे नेमके काय घडले होते हे समजून घ्यायचे, तर आपल्याला पुन्हा शरीररचनेच्या पुस्तकाकडे वळावे लागेल.

तीन जोड्या आणि शेकडो लहान ग्रंथी

तोंडात लाळ सोडणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. कानापुढची पॅरोटिड, जबड्याखालची सबमँडिब्युलर आणि जिभेखालची सबलिंग्वल. शालेय पुस्तकांत त्यांना अनुक्रमे अनुकर्ण, अधोहनू व अधोजिव्हा ग्रंथी म्हणतात. यांखेरीज ओठ, गाल, टाळू, जिभेचे मूळ आणि घसा यांच्या अस्तराखाली ६०० ते १००० इवल्या ग्रंथी विखुरलेल्या असतात. हिरड्यांवर आणि टाळूच्या अगदी पुढच्या भागात मात्र त्या जवळजवळ नसतात.

या सर्वांची मिळून दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ग्रंथींनी हे काम वाटून घेतले आहे. आपण स्वस्थ बसलेलो असताना जी लाळ तोंड ओले ठेवते, तिचा सुमारे दोन तृतीयांश वाटा सबमँडिब्युलरचा. पण पानात लोणचे वाढले गेले आणि तोंडाला पाणी सुटले, की पॅरोटिड कामाला लागते आणि निम्म्याहून अधिक वाटा तिचा होतो. पॅरोटिडची लाळ पातळ व पाण्यासारखी, सबलिंग्वलची बुळबुळीत व चिकट, तर सबमँडिब्युलरची दोन्हींच्या मधली. झोपेत लाळेचा ओघ जवळजवळ थांबतो. रात्री दात घासून झोपावे हा उपदेश याच शरीरक्रियेवर आधारलेला आहे. रुग्णांना तो कारणासह सांगितला, तर अधिक पटतो.

सूक्ष्मदर्शकाखाली या ग्रंथी द्राक्षांच्या घडासारख्या दिसतात. मण्यांच्या जागी स्राव करणाऱ्या पेशींचे पुंजके आणि देठांच्या जागी नलिका. नलिका म्हणजे नुसते नळ नव्हेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुंजक्यातून निघणाऱ्या लाळेत क्षारांचे प्रमाण रक्तद्रवासारखेच असते. पुढे रेषांकित नलिकांतून जाताना तिच्यातील सोडिअम व क्लोराइड काढून घेतले जाते आणि पोटॅशिअम व बायकार्बोनेट मिसळले जाते. त्या नलिकांच्या भिंती पाण्याला मागे जाऊ देत नाहीत. म्हणून तोंडात पोचणारी लाळ रक्तापेक्षा पुष्कळच अळणी असते. आपली स्वतःची लाळ खारट असती, तर आमटीतले मीठ कमी की जास्त हे जिभेला ओळखता आले नसते. आयुर्वेदाने जिभेच्या ठिकाणी राहून रसाचे ज्ञान करून देणाऱ्या कफाला ‘बोधक’ असे नाव दिले. त्या नावामागील निरीक्षण मोठे मार्मिक आहे.

पॅरोटिड : घर एकाचे, वाट दुसऱ्याची

पॅरोटिड ही सर्वांत मोठी. वजन १५ ते ३० ग्रॅम. जबड्याच्या उभ्या फांदीच्या मागे, कानाच्या खाली व पुढे जी खाच आहे, तिच्यात ती पाचरीसारखी बसलेली असते आणि तिचा काही भाग मॅसेटर या चर्वणाच्या स्नायूवर पसरतो. तिच्याभोवतीचे आवरण घट्ट असते. गालगुंडाने किंवा पू होऊन ग्रंथी सुजली, की तिला फुगायला जागा मिळत नाही आणि रुग्ण तोंड उघडताना कळवळतो. याच आवरणामुळे पॅरोटिडमधला पू हाताला लागत नाही. इतर ठिकाणी आपण गळू ‘पिकण्याची’ वाट पाहतो. येथे तशी वाट पाहणे धोक्याचे आहे.

ग्रंथीच्या आतून तीन महत्त्वाच्या गोष्टी जातात. वरच्या थरात फेशिअल नर्व्ह, म्हणजे चेहऱ्याच्या स्नायूंचा मज्जातंतू. त्याखाली रेट्रोमँडिब्युलर शीर. आणि सर्वांत खोल एक्स्टर्नल कॅरोटिड रोहिणी. फेशिअल नर्व्ह कवटीतून बाहेर पडताच ग्रंथीत शिरतो आणि आत पाच शाखांत विभागून पंख्यासारखा चेहऱ्यावर पसरतो. यात गंमत अशी, की तो पॅरोटिडच्या घरातून जातो, पण घरमालकाला काहीच देत नाही. पॅरोटिडला लाळ सोडण्याचा हुकूम येतो तो नवव्या मज्जातंतूकडून, ओटिक गँग्लिअनमार्गे, ऑरिक्युलोटेम्पोरल शाखेतून. उलट उरलेल्या दोन जोड्यांना हुकूम देणारी कॉर्डा टिम्पॅनी ही शाखा मात्र फेशिअल नर्व्हचीच आहे.

ऑरिक्युलोटेम्पोरल शाखा कानालाही संवेदना पुरवते. त्यामुळे पॅरोटिडच्या रोगात कान दुखतो आणि आपण कानातच पाहत बसतो. शस्त्रक्रियेत किंवा जखमेत ही शाखा तुटून पुन्हा जोडली जाताना तंतूंची अदलाबदल झाली, तर लाळेचा हुकूम घामाच्या ग्रंथींकडे जातो आणि जेवताना गालावर लाली येऊन घाम फुटतो. पोलिश वैद्य लुत्स्या फ्राय यांनी १९२३ मध्ये याचे सविस्तर विवरण केले. माझ्या रुग्णेच्या बाबतीत असे काही असावे, अशी माझी क्षणभर समजूत झाली होती. परंतु घाम पसरून येतो. तो एका छिद्रातून थेंबाथेंबाने ओघळत नाही.

स्टेन्सेनची नलिका

पॅरोटिडची लाळ तोंडात आणणारी नलिका सुमारे पाच सेंटिमीटर लांब असते. ग्रंथीच्या पुढच्या कडेतून निघून ती गालाच्या हाडाच्या कमानीखाली साधारण एक बोट अंतरावरून मॅसेटर स्नायूवर आडवी जाते. स्नायूची पुढची कड आली, की ती जवळजवळ काटकोनात आत वळते, गालातील चरबीचा गोळा व बक्सिनेटर स्नायू भेदते आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या अस्तरात एका लहान उंचवट्यावर उघडते. वाचकांनी आत्ताच जिभेचे टोक वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाला लावून पाहावे. तो उंचवटा बहुतेकांना जाणवेल.

शोधाचा इतिहास मनोरंजक आहे. १६६० साली नील्स स्टेन्सेन हा बावीस वर्षांचा डॅनिश विद्यार्थी ॲमस्टरडॅममध्ये मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करीत होता. त्याची सळई एका अनोळखी पोकळीत शिरली आणि पुढे सरकून दातांवर किणकिणली. त्याच्या शिक्षकाने हा शोध आपलाच असल्याचा दावा केला आणि मोठा वाद झाला. अखेर नाव राहिले ते विद्यार्थ्याचे. हाच स्टेन्सेन पुढे भूस्तरशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक म्हणून ओळखला गेला. माणसाच्या गालात ती नलिका सापडण्यासाठी कोणी मोठे यंत्र लागले नाही. एक सळई आणि कुतूहल पुरले.

नलिका बक्सिनेटर भेदल्यानंतर लगेच तोंडात उघडत नाही. ती काही अंतर स्नायू व अस्तर यांच्यामधून तिरकी पुढे जाते. त्यामुळे तोंडातील हवेचा दाब वाढला, की अस्तरच तिला दाबून बंद करते. आपल्या भागात सुगीच्या दिवसांत तारपा वाजवणारे कलावंत गाल फुगवून सूर तुटू न देता किती वेळ वाजवत राहतात, हे आपण पाहिले आहे. तरीही ती हवा नलिकेतून उलटी ग्रंथीत शिरत नाही, याचे श्रेय या तिरक्या वाटेला आहे. काचेची भांडी फुंकणारे कारागीर व सुषिर वाद्ये वाजवणारे यांच्यात क्वचित ही झडप हरते आणि पॅरोटिड हवेने फुगते, अशा नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

आता व्यवहारातली सर्वांत मोलाची खूण. कानाच्या छिद्रापुढील कूर्चेच्या उंचवट्यापासून, म्हणजे ट्रॅगसपासून, वरच्या ओठाच्या मध्यापर्यंत एक रेषा कल्पावी. या रेषेचा मधला एक तृतीयांश भाग म्हणजे नलिकेचा मार्ग. फेशिअल नर्व्हची बक्कल शाखा तिला जवळजवळ चिकटूनच धावते, आणि ही शाखा वरचा ओठ उचलते. म्हणून या मधल्या भागातील जखमेनंतर ज्याचा वरचा ओठ नीट उचलत नाही, त्याची नलिकाही तुटली असावी असे धरूनच चालावे.

माझ्या रुग्णेची जखम या रेषेला बरोबर मधल्या भागात छेदत होती. ओठ उचलत नव्हता. दोन्ही खुणा मला दिसल्या होत्या आणि एक तर मी स्वहस्ते लिहूनही ठेवली होती. चूक माझ्या डोळ्यांची नव्हती. दिसले त्याला मी सोयीचे कारण जोडले, ही चूक होती. शिवाय तिचा चेहरा जागा बधिर करण्यापूर्वी हलवून पाहायला हवा होता. मी तो नंतर पाहिला, आणि मग भुलीचा परिणाम आणि मज्जातंतूची इजा यांतला फरक ओळखणार कसा?

जबड्याखालची ग्रंथी आणि वर चढणारी वाट

सबमँडिब्युलर ग्रंथी ७ ते १५ ग्रॅम वजनाची. तोंडाचा तळ बनवणाऱ्या मायलोहायॉइड स्नायूच्या मागच्या कडेला वळसा घालून ती बसते. तिचा मोठा भाग स्नायूच्या बाहेर व लहान भाग आत असतो. इंग्रज वैद्य टॉमस व्हार्टन यांनी १६५६ साली ग्रंथींवरील आपल्या ग्रंथात तिच्या नलिकेचे वर्णन केले. १६६५ च्या प्लेगात अनेक वैद्य लंडन सोडून गेले असता हे व्हार्टन तेथेच राहून रुग्णसेवा करीत होते, ही गोष्टही आपण लक्षात ठेवावी.

व्हार्टनची नलिकाही सुमारे पाच सेंटिमीटर लांब. ती ग्रंथीच्या आतल्या भागातून निघते, पुढे व वर जाते आणि जिभेखालच्या बंधाच्या दोन्ही बाजूंना एकेका उंचवट्यावर उघडते. वाटेत लिंग्वल मज्जातंतू तिच्या बाहेरून येऊन, खालून वळसा घेऊन आतल्या बाजूला जातो. विद्यार्थिदशेत हा वळसा लक्षात ठेवण्यासाठी आपण सर्वांनी एक वात्रट इंग्रजी कवन पाठ केले होते. ते येथे छापण्याजोगे नसले, तरी त्यातील शरीररचना बिनचूक आहे. नलिकेतील खडा काढताना हा मज्जातंतू दुखावला, तर अर्धी जीभ बधिर होते.

लाळग्रंथींतील खड्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक खडे याच ग्रंथीत किंवा तिच्या नलिकेत सापडतात. त्याचे कारण रचनेतच आहे. येथील लाळ अधिक घट्ट, अधिक अल्कधर्मी आणि कॅल्शिअमयुक्त. वाट लांब आणि चढाची. आणि शेवटचे तोंड नलिकेहून अरुंद. मुंबईच्या पावसाळ्यात जी गटारे तुंबतात, त्यांचेही दुखणे यापेक्षा वेगळे नसते.

काही वर्षांपूर्वी येथील एका कारखान्यातील कामगार माझ्याकडे आला. उष्ण खात्यात बारा-बारा तासांची पाळी, पाणी पिण्यास सवड कमी. जेवायला बसला की उजव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ येई आणि तासाभरात ओसरे. तीन वेळा प्रतिजैविके घेऊन झाली होती आणि एक निर्दोष दाढही काढून झाली होती. हातमोजा घालून एक बोट जिभेखाली आणि दुसऱ्या हाताची बोटे जबड्याखाली ठेवून मागून पुढे चाचपले, तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढा खडा बोटाला लागला. जेवताना सूज, जेवणानंतर उतार, हे वर्णन ऐकताच खड्याचा विचार करावा, आणि दोन्ही हातांनी चाचपल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे मानू नये. चाचपताना मागून पुढे यावे. उलट केल्यास खडा मागे ढकलला जातो. पुढच्या भागातील खडा तोंडातूनच काढता येतो. मागील खड्यांसाठी आता नलिकेतून जाणारी बारीक दुर्बीण उपलब्ध आहे आणि पूर्वीसारखी सरसकट ग्रंथी काढावी लागत नाही.

जबड्याखाली चीर देण्याची वेळ आली, तर फेशिअल नर्व्हची मार्जिनल मँडिब्युलर शाखा आठवावी. ती जबड्याच्या कडेपाशी, कधी कडेच्या खालूनही धावते. म्हणून चीर कडेपासून किमान दोन बोटे खाली घ्यावी. अन्यथा रुग्णाचा खालचा ओठ कायमचा वाकडा होऊ शकतो.

जिभेखालची आणि इतर लहान ग्रंथी

सबलिंग्वल ग्रंथी तीन ते चार ग्रॅमची, तोंडाच्या तळाशी अस्तराखालीच. तिला एक मोठी नलिका नसून ८ ते २० लहान नलिका असतात. त्यांना रिव्हिनसच्या नलिका म्हणतात. त्यांतील काही एकत्र येऊन बार्थोलिनची नलिका बनते आणि ती व्हार्टनच्या नलिकेला मिळते. या ग्रंथीतून श्लेष्मा झिरपून साठला, की जिभेखाली निळसर, बेडकाच्या पोटासारखा फुगवटा येतो. त्यालाच रॅन्युला म्हणतात.

गाठींबाबत एक जुना नियम आजही उपयोगी आहे : ग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातील गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता अधिक. पॅरोटिडमधील बहुसंख्य गाठी साध्या असतात; सबमँडिब्युलरमध्ये जवळजवळ निम्म्या, तर जिभेखाली व टाळूवर निम्म्याहून अधिक वाईट निघतात. कानाच्या पाळीखाली वर्षानुवर्षे न दुखणारी गाठ असेल, तर तिला गळू समजून चीर देऊ नये, किंवा तुकडाही काढू नये. बारीक सुईने पेशी काढून तपासणीस पाठवाव्या. गाठीसोबत चेहरा वाकडा होऊ लागला असेल, तर एक दिवसही दवडू नये.

रचनेपलीकडचे थोडेसे

सामान्य व्यवसायात या ग्रंथींची गाठ आणखी तीन ठिकाणी पडते. पहिले गालगुंड. कानाची पाळी वर उचलली गेली आणि जबड्याचा कोन सुजेत बुडून गेला, म्हणजे पॅरोटिडच. मानेतील लसिकाग्रंथी सुजली, तर तो कोन सहसा शाबूत राहतो. गोवर-रूबेलाची लस घेतल्याने गालगुंडापासून संरक्षण मिळत नाही, त्यासाठी तीन रोगांची एकत्रित लस लागते, हे पालकांना स्पष्ट सांगावे.

दुसरे कोरडे तोंड. यात ग्रंथीपेक्षा आपली औषधचिठ्ठीच अनेकदा दोषी असते. सर्दीची व ॲलर्जीची औषधे, ॲमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्यावरील औषधे लाळ आटवतात. वृद्धांना कवळी टोचू लागली, तर दंतवैद्याकडे पाठवण्यापूर्वी आपण काय लिहून दिले आहे ते पाहावे.

तिसरे, आणि आपल्या ग्रामीण भागात सर्वांत गंभीर, श्वानदंश. रेबीजचा विषाणू मेंदूत पोचल्यावर मज्जातंतूंच्या वाटेनेच लाळग्रंथींत उतरतो आणि लाळेतून बाहेर पडतो. कुत्र्यात लक्षणे दिसण्यापूर्वी काही दिवस लाळ संसर्गकारक असते, म्हणून कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे. मात्र त्यासाठी लस थांबवायची नाही. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे हा पहिला उपचार खेडोपाडी कोणालाही करता येतो.

गालाची जखम आली तर

आता मूळ विषयाकडे येतो. गालाची खोल जखम समोर आली, तर आज मी जो क्रम पाळतो तो येथे देतो.

जागा बधिर करण्यापूर्वी रुग्णाकडून पाच गोष्टी करून घ्याव्यात : कपाळाला आठ्या घालणे, डोळे घट्ट मिटणे, वरचा ओठ उचलून दात दाखवणे, खालचा ओठ खाली ओढणे आणि मानेची कातडी ताणणे. फेशिअल नर्व्हच्या पाच शाखांची ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते. नंतर ट्रॅगसपासून ओठाच्या मध्यापर्यंतची रेषा मनात आखावी. जखम मधल्या भागात असेल, तर ती कोरडी करून पॅरोटिडवर हलका दाब द्यावा आणि जखमेत स्वच्छ द्रव येतो का ते पाहावे. शंका राहिली, तर वरच्या दुसऱ्या दाढेसमोरच्या छिद्रातून अश्रुनलिकेची सळई किंवा बारीक प्लास्टिक नळी हळुवार आत सारावी. तिचे टोक जखमेत दिसले, तर नलिका तुटली आहे हे निश्चित.

अशा वेळी कातडी शिवण्याचा मोह टाळावा. जखम धुवावी, ओल्या पट्टीने झाकावी, धनुर्वाताचा बंदोबस्त करावा आणि काय दिसले ते चिठ्ठीत स्पष्ट लिहून रुग्णाला त्याच दिवशी शल्यविशारदाकडे पाठवावे. ताज्या जखमेत नलिकेची दोन टोके सापडतात आणि आत नळी ठेवून ती जोडता येतात. तुटलेल्या मज्जातंतूचे दूरचे टोकही पहिले सुमारे तीन दिवसच विद्युत उत्तेजनाला प्रतिसाद देते. त्यानंतर ते शोधणे कठीण होते. १९९६ साली असा रुग्ण पाठवायचा, तर मोठ्या शहरापर्यंतच्या प्रवासाचा विचार करावा लागे. २०१९ पासून सिल्वासातच वैद्यकीय महाविद्यालय आहे. आता अंतराची सबब उरलेली नाही.

तिचे पुढे काय झाले

त्या स्त्रीला मी मुंबईला माझ्या एका ज्येष्ठ शिक्षकांकडे पाठवले. दहा दिवसांनंतर टोके जोडणे शक्य नव्हते. त्यांनी तुटलेल्या जागेपासून गालाच्या आत एक नवी वाट करून तीत बारीक नळी ठेवली, आणि लाळेला पुन्हा तोंडाचा रस्ता मिळाल्यावर बाहेरचे छिद्र काही आठवड्यांत बुजले. आज असे छिद्र राहिले, तर प्रथम दाबपट्टी व बोटुलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन यांनी ग्रंथीला विश्रांती देऊन पाहतात, आणि अनेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. तिचा ओठही सहा-सात महिन्यांत बराच सुधारला, कारण फेशिअल नर्व्हच्या मधल्या शाखा एकमेकींना जोडलेल्या असतात व एकीचे काम दुसरी काही अंशी उचलते.

परंतु मधल्या दोन महिन्यांत काय झाले, ते मला सासूकडून नंतर कळले. लग्नसराईचे दिवस होते. ती पंगतीला बसत नसे. घरीही सर्वांचे झाल्यावर, पाठ फिरवून, पदराने गाल झाकून जेवत असे. शरीररचनेच्या पुस्तकात पाच सेंटिमीटर लांबीची म्हणून जिची नोंद आहे, ती नलिका तुटल्याने एका बाईचे चारचौघांत जेवणे बंद पडले होते.

बरी झाल्यावर दोघी मला भेटायला आल्या आणि परसातल्या वालाच्या शेंगा पिशवीभर घेऊन आल्या. ‘डॉक्टरांनी मुंबईला धाडले म्हणून बरे झाले,’ असे सासू म्हणाली. मी शेंगा घेतल्या. पहिल्याच दिवशी धाडले असते, तर ते दोन महिने तिच्या वाट्याला आले नसते, हे मी त्यांना सांगितले नाही. सांगायला हवे होते. आज येथे लिहिले, ते काही अंशी त्या राहून गेलेल्या बोलण्यापोटी.

त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी एका तरुणाला पत्र्याने गाल कापलेल्या अवस्थेत माझ्याकडे आणले. जखम त्याच रेषेवर, त्याच मधल्या भागात. त्याचा वरचा ओठ उचलत नव्हता. मी एकही टाका घातला नाही. ओली पट्टी बांधली आणि चिठ्ठी लिहिली. बरोबरच्या मंडळींना ते आवडले नाही. एवढेही डॉक्टरला जमत नाही का, असे एकजण माझ्या देखत म्हणाला. त्याच रात्री त्याची नलिका जोडली गेली. त्याच्या गालातून थेंबही बाहेर आला नाही आणि त्यामुळे तो कधी माझे आभार मानायला आला नाही. त्याला तसे काही कारणच पडले नाही, यातच मला समाधान आहे.

माझ्या तरुण सहकाऱ्यांना एवढीच विनंती, की पहिल्या वर्षाचे ते जाड पुस्तक माळ्यावर टाकू नये. वर्षातून एकदा तरी ते खाली काढावे, धूळ झटकावी आणि आपल्या हातून जेथे सुरी किंवा सुई चालते, तेवढी पाने पुन्हा वाचावीत.